किल्ला आणि गाव : कोर्लईच्या निमित्ताने

मराठीत किल्ल्यांवर जेवढे लिहिले गेले आहे त्याच्या शतांशानेही किल्ल्यांच्या पायथ्याशी नांदणाऱ्या गावांवर लिहिले गेलेले नाही, ही गोष्ट कोणाही वाचकाच्या सहज ध्यानात येण्याजोगी आहे. तथापि वाङ्मयीन दोष या दृष्टीने तिचा विचार झालेला आमच्या पाहण्यात नाही. किल्लेवर्णन हा आपल्याकडे एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊन बसला आहे आणि त्याची रीतही आता ठरून गेली आहे. लेखक पहाटे गावात उतरतो, कोणाच्या तरी ओसरीवर चहा घेतो, वाट दाखविण्यास एक पोरगा बरोबर घेतो, आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या आरंभी तो पहिल्या दरवाज्यापाशी पोचलेला असतो. मग बुरूज, टाकी, तट, शिलालेख, लढाया आणि सूर्यास्त. शेवटी तो खाली उतरतो तेव्हा एस.टी.ची वेळ झालेली असते. ज्याच्या ओसरीवर चहा घेतला त्याचे आडनाव काय, तो पोटापाण्यास काय करतो, घरात कोणती भाषा बोलतो, यांपैकी वाचकास काहीच कळत नाही. पोरगा तर माथ्यावर पोचताच लेखातून नाहीसा होतो. तो उतरला की वरच राहिला याचीही कोणी वास्तपुस्त करीत नाही.

हा दोष किती खोल आहे हे पाहावयाचे असेल तर त्यास कोर्लईसारखी दुसरी कसोटी नाही, असे आम्हांस वाटते.

भूमध्यसमुद्राच्या काठी, विशेषतः इटलीच्या लिगुरिया प्रांतात, डोंगरमाथ्यावर तटबंद जुनी वस्ती आणि खाली पाण्यालगत गाव अशी स्थळे पुष्कळ आढळतात. आपल्या कोकणपट्टीत त्या घडणीच्या जवळ जाणारी जी थोडी ठिकाणे आहेत त्यांत कोर्लईची गणना करावी लागेल. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, कुंडलिकेच्या मुखाशी, दक्षिणेच्या अंगास एक चिंचोळा डोंगर समुद्रात घुसला आहे. त्याच्या माथ्यावर उत्तर-दक्षिण पसरलेला, आडव्या भिंतींनी व एकामागून एक दरवाज्यांनी विभागलेला किल्ला आहे. आत पाण्याची टाकी आहेत, पडके चर्च आहे, तोफा आहेत. समोर, खाडीपलीकडे, रेवदंड्याचा कोट आणि त्यामागे जुने चौल. डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई गाव. वरची शिबंदी केव्हाच उठून गेली. खालचे गाव नांदते आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाचकास हे सारे फार दूरचे वाटण्याचा संभव आहे. सह्याद्रीच्या या बाजूस बसलेल्या आपणा लोकांस समुद्र म्हणजे सुटीत पाहावयाची वस्तू. पण कोर्लईचा इतिहास चाळू लागले की तो आपल्याच अंगणात येऊन उभा राहतो. चौल हे निजामशाहीचे बंदर होते. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी तेथे आपला कोट बांधण्यास आरंभ केला. १५७० मध्ये मुर्तजा निजामशहाने त्यांस हुसकण्यासाठी चौलास वेढा घातला. तो पुढील वर्षापर्यंत चालला आणि फसला. नंतर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत समोरच्या डोंगरावर तटबंदी झाली, म्हणजे कोटातील पोर्तुगीजांच्या डोक्यावरच तोफा आल्या. त्यांनी १५९४ मध्ये तो डोंगर घेतला व तो ‘मोर्रो’, म्हणजे टेकाड, या नावाने आपल्या दप्तरी चढविला. त्यानंतर सहाच वर्षांनी अहमदनगरचा किल्ला मोगलांकडे गेला; निजामशाहीचा जीव पुढे मलिक अंबरने धरून ठेवला, आणि त्याच मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली. ज्या राज्याच्या उतरत्या काळी आमच्या शहराचा पाया पडला, त्याच राज्याने आपला समुद्राकडचा दरवाजा कोर्लईस गमावला होता. घाटावरचा आणि घाटाखालचा असा जो भेद आपण मनात धरून बसतो तो त्या काळच्या व्यापाऱ्यास वा घोड्यांच्या सौदागरास मान्य झाला नसता.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्यापुढील वर्षी चौल, रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले. पोर्तुगीज सैन्य निघून गेले. आमच्या किल्लेवर्णनांची कथा येथेच संपते, आणि संपते ती मोठ्या समाधानाने; शत्रू गेला, निशाण चढले, आता लेखकाने सूर्यास्त पाहावा. परंतु त्या दिवशी खरोखर कोण गेले आणि कोण राहिले हा प्रश्न त्यास सुचत नाही.

राहिले ते येथलेच लोक. दोन शतकांच्या पोर्तुगीज अमलात बाटलेली स्थानिक कुटुंबे, शिपायांशी झालेल्या संबंधांतून आलेली संतती, कोटाच्या आश्रयाने पोट भरणारी माणसे. शत्रूबरोबर ती गेली नाहीत, कारण त्यांना जावयास दुसरा देशच नव्हता. त्यांतील एक समाज कोर्लईच्या पायथ्याशी वसला. माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च राहिले, पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू पुढेही दीर्घकाळ येत राहिले, आणि त्या लोकांच्या घरांत एक भाषा राहिली. ती भाषा आजही आहे. अभ्यासक तिला कोर्लईची क्रिओल पोर्तुगीज म्हणतात, कोणी क्रिस्ती म्हणतात. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. बोलणारांची संख्या हजाराच्या आसपास सांगतात.

या भाषेकडे मराठीच्या अभ्यासकाने कुतूहलानेच नव्हे तर नात्यानेही पाहावयास हवे. शब्दसंपत्ती बव्हंशी पोर्तुगीज. परंतु भोवताली मराठी, बाजार मराठी, शाळा मराठी, त्यामुळे वाक्याची घडण हळूहळू मराठीच्या वळणावर गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस येऊन बसते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा सविस्तर अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्या उत्पत्तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात हा घडणीचा बदल पिढ्यांच्या क्रमाने तपासला आहे. म्हणजे लिस्बनचे शब्द आणि चौलच्या बाजारातले व्याकरण यांचा संसार या गावात चालू आहे. मराठीने आपल्या शेजाऱ्यावर केलेल्या संस्काराचा इतका जिवंत पुरावा दुसरीकडे शोधावा लागेल. आणि तो पुरावा किल्ल्याच्या वाटेवरच, पहिल्या दरवाज्याच्याही आधी, ओसरीवर बसलेला असतो! आमच्या वाचनात आलेल्या कोर्लईच्या वर्णनांत त्यास बहुधा एक ओळ मिळते. फार तर दीड. ‘येथील ख्रिस्ती लोक एक वेगळीच भाषा बोलतात’ अशा आशयाची ती ओळ असते आणि लगेच पुढच्या ओळीत बुरुजांची मोजदाद सुरू होते.

असे का व्हावे? लेखक आळशी असतात असे म्हणण्यास आमचे मन घेत नाही. उन्हातान्हातून डोंगर चढणाऱ्या मनुष्यास आळशी म्हणणे हा अन्यायच होईल. आमच्या मते कारण कथेच्या साच्यात आहे. किल्लेवर्णनाच्या कथेत दोनच पात्रे मावतात, आपण आणि शत्रू. कोर्लईचा ख्रिस्ती मनुष्य या दोहोंपैकी कोणीच नाही. तो शत्रूच्या धर्माचा, आपल्या मातीचा, तिसऱ्याच कोणत्या भाषेचा. त्यास कथेत घ्यावयाचे तर कथेचा शेवट १७४० वर करता येत नाही. ती पुढे आजपर्यंत चालवावी लागते, आणि मग विजयाचा तो गोड सूर्यास्त हातचा जातो. साच्यास न मानवणारी वस्तू लेखक बुद्ध्या वगळतो असे नाही. ती त्याच्या डोळ्यांसमोर असून त्यास दिसत नाही. वाङ्मयीन संकेताचे सामर्थ्य म्हणतात ते हेच.

संकेत रूढ होण्यापूर्वी जे प्रवासी येथे आले त्यांची दृष्टी याहून मोकळी होती हे त्यांची वृत्ते वाचताना पदोपदी जाणवते. त्व्हेर येथील व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलास उतरला. त्याने काय पाहिले? लोकांचे उघडे अंग, स्त्रियांची केसांची वेणी, आणि आपण गोरे असल्यामुळे जेथे जावे तेथे पाठीमागे जमणारी गर्दी. पुढे जुन्नरला तेथील खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला, ती चिंता त्याच्या वृत्तात गडकोटांहून मोठी आहे, आणि का असू नये? घोडा त्याचा होता. बोलोन्याचा लुदोव्हिको दी वार्थेमा, ज्याचे प्रवासवृत्त १५१० मध्ये रोम येथे छापले गेले, तोही चौलची दखल घेतो ती तेथील पीकपाणी, कापूस आणि पेहराव यांच्या अंगाने. त्याहून आधी, चौदाव्या शतकात, इब्न बतूता आमच्या दौलताबादेस आला. देवगिरीच्या अभेद्य कड्याचे कौतुक त्यालाही आहेच. परंतु त्याने खालच्या वस्तीतला गाणाऱ्यांचा बाजार पाहिला, जवाहिऱ्यांची नोंद केली, येथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात हे लिहून ठेवले, आणि येथले लोक काय जेवतात तेही विचारून घेतले. किल्ल्यातील तळघरांत मांजरांहून मोठे उंदीर आहेत हेही त्याने आवर्जून सांगितले आहे. हे उंदीर आम्हांस कोणत्याही मराठी किल्लेवर्णनात भेटले नाहीत. आमच्या लेखकांची सुरुची त्यांस आड आली असावी.

दौलताबादचाच विषय निघाला म्हणून सांगतो. हाकेच्या अंतरावर असलेल्या या किल्ल्यावर आमच्या शहरातील शाळकरी मुलांपासून पाहुण्यांपर्यंत सर्व जातात. चाँदमिनार, मेंढा तोफ, अंधारी, बारादरी, हा क्रम पाठ झालेला आहे. बाहेरच्या तटाच्या, अंबरकोटाच्या, आत जे गाव पिढ्यान्‌पिढ्या राहते आहे, ज्याच्या सीताफळांच्या टोपल्या रस्त्याकडेला मांडलेल्या असतात, त्याचे वर्णन आम्ही अजून शोधतो आहोत. खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. हातकागद करणाऱ्यांची ती वस्ती परंपरेने मुहम्मद तुघलकाच्या राजधानीबदलाशी, म्हणजे १३२७ च्या सुमाराच्या घडामोडींशी, जोडली जाते. किल्ल्याचा इतिहास लिहावयाचा तर कागद लागतो आणि तो कागद करणारे किल्ल्याच्या खालीच बसले होते, हा योगायोग कोणा निबंधकाराच्या नजरेस पडला असता तर एक उत्तम निबंध झाला असता. आमचे निबंधकार त्या वेळी अंधारीत विजेरी लावून चाललेले असतात.

आता इटलीकडे एकदा वळून पाहणे उपयोगाचे होईल, कारण तेथे या प्रश्नाची उलटी बाजू दिसते. लिगुरियाच्या किनाऱ्यावर बोर्दिगेरा नावाचे गाव आहे. वर पंधराव्या शतकात वसलेली तटबंद जुनी वस्ती, खाली रस्ता आणि समुद्र. १८५५ मध्ये जोव्हानी रुफिनी याची ‘डॉक्टर अँटोनिओ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मॅझिनीचे नाव मराठी घरांत सावरकरांनी १९०७ मध्ये केलेल्या त्याच्या आत्मचरित्राच्या भाषांतराने पोचले. हा रुफिनी मॅझिनीचा तरुणपणचा सोबती. त्याचा भाऊ १८३३ मध्ये जिनोआच्या तुरुंगात मृत्यू पावला आणि तो स्वतः देशोधडीस लागला. परदेशी राहून, परक्या इंग्रजी भाषेत, परक्या वाचकांसाठी त्याने आपल्या किनाऱ्याची गोष्ट लिहिली. एक इंग्रज सरदार आपल्या मुलीसह प्रवास करीत असता बोर्दिगेराजवळ गाडी उलटते, मुलीचा पाय मोडतो, गावचा सिसिलीयन डॉक्टर तिची शुश्रूषा करतो, दोघांत प्रीती उत्पन्न होते आणि पुढे इटलीच्या राजकारणात त्या प्रीतीची राख होते. कथानकात भाबडेपणा पुष्कळ आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात लेखक नायकाला बाजूस सारून व्याख्यान देऊ लागतो हेही खरे. परंतु कादंबरीने काय केले पाहा. ती वाचून इंग्रज हिवाळ्यात त्या किनाऱ्याकडे लोटले असे म्हणतात. खाली त्यांची वसाहत उभी राहिली. जॉर्ज मॅक्डोनल्डसारखा लेखक तेथे घर करून राहिला. १८८४ मध्ये मोने येऊन तेथली ताडझाडे आणि झाडांच्या फटींतून दिसणारे जुने गाव रंगवून गेला.

या कादंबरीत डोंगरावरची जुनी वस्ती देखाव्यापुरतीच येते, हा आक्षेप रुफिनीवरही घेता येईल. पण ज्या रस्त्याकडेच्या खाणावळीत ती इंग्रज मुलगी पडून राहते, त्या खाणावळीची मालकीण रोझा आणि तिची मुलगी स्पेरांझा यांना त्याने नावे दिली, चिंता दिल्या, स्पेरांझाच्या प्रियकराला आरमारात पकडून नेल्याचे दुःख दिले. परक्या वाचकाची मर्जी राखून लिहिणाऱ्या या निर्वासिताने खाणावळवाल्या बाईस विचारले ते आम्ही आपल्या भाषेत, आपल्याच वाचकांसाठी लिहीत असता विचारीत नाही, ही तुलना आम्हांस बोचते.

चौलच्या बाबतीत असा लेखक घडणे अगदीच अशक्य नव्हते. गेर्सोन द कुन्या हे गोव्याचे. मुंबईत वैद्यकी करीत आणि पुराणवस्तूंचा ध्यास धरीत. १८७६ मध्ये त्यांनी चौल व वसई यांच्या इतिहासावर व अवशेषांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. पोर्तुगीज साधनांवर त्यांची हुकमत होती, चर्चांच्या पडक्या भिंतींचा आणि थडग्यांवरील लेखांचा त्यांनी कसून शोध घेतला, आणि या विषयावर पुढे लिहिणारा प्रत्येक जण त्यांचा ऋणी आहे. तथापि त्यांचेही लक्ष अवशेषांकडे, म्हणजे मेलेल्या वस्तूंकडे आहे. सात वर्षांनी, १८८३ मध्ये, सरकारी गॅझेटियरचा कुलाबा खंड निघाला. त्याने किल्ला फुटांत मोजला. मराठी किल्लेवर्णनाने ही मापे गॅझेटियरमधून उचलली आणि उसासे बखरींतून. या दोहोंच्या मिश्रणावर आपण शंभराहून अधिक वर्षे काढली.

अपवाद नाहीत असे कोण म्हणेल? गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर किल्ले तुडविले. त्यांच्या ‘दुर्गभ्रमणगाथा’त चढणीइतकीच माणसेही आहेत, आणि ‘माचीवरला बुधा’ या १९५८ च्या कादंबरीत तर राजमाचीवर एकाकी राहणारा मनुष्यच सर्व कथा व्यापून राहिला आहे. किल्ला त्याच्या मागे नुसता उभा आहे. त्यांच्यानंतर त्या वाटेने गेलेल्यांनी त्यांची पायपीट उचलली, भाषेचा आवेशही उचलला, पण बुधा तेवढा वरच राहिला. इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा निबंध किल्ल्यांचा नाही, पंढरीच्या वारीचा आहे. परंतु प्रवासवर्णन कसे असावे याचा तो आमच्या मते धडाच आहे. वारीत एकत्र चालणाऱ्या दिंड्या जेवावयास मात्र वेगवेगळ्या बसतात हे त्यांनी पाहिले आणि भक्तीच्या भरात ते झाकले नाही. विठ्ठलाचे दर्शन त्या निबंधात जणू उरकून घेतले आहे. बायकांचे बोलणे, स्वयंपाक, थकलेले पाय यांवर त्यांची लेखणी रेंगाळते. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’मध्ये नेवाश्याच्या खांबापाशी उभे राहून जे साधले ते फार वेगळ्या जातीचे आहे. त्याचे अनुकरण होऊ नये अशीच आमची इच्छा आहे. ते कोणास पेलत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. एका दिवसाच्या प्रवाशाने भाषा कशी शिकावी, आणि न शिकता गावाविषयी लिहावे तर ते वरवरचे होणार नाही काय? किल्ला निदान बोलत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी चूक झाली तरी तो तक्रार करीत नाही. हे खरे आहे. शिवाय गावाचे कौतुक करकरून ते बाजारात मांडण्याचा धोकाही आहे. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या मोटारी किती येतात हे सर्वांस ठाऊक आहे. उद्या ‘पोर्तुगीज बोलणारे गाव’ अशी पाटी लागली आणि ओसरीवर बसलेल्या म्हातारीस दहा जणांनी ‘काहीतरी बोलून दाखवा’ म्हणून आग्रह केला तर त्याला कारण लेखकाची लेखणीच होईल. बोर्दिगेराच्या खालच्या गावाचे जे झाले ते कोर्लईचे व्हावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. ही भाषा टिकली ती पुष्कळ अंशी गाव आपल्यातच राहिल्यामुळे. मुलांचे मराठी शिक्षण, मुंबईतील नोकऱ्या, इंग्रजीची ओढ यांचा ताण तिच्यावर आधीच आहे.

आम्ही मागतो ते त्यामुळे अगदी थोडे आहे. लेखकाने चहा देणाऱ्याचे नाव विचारावे आणि त्याची परवानगी असेल तर लिहावे. १७४० नंतर काय झाले हे एका परिच्छेदात तरी सांगावे. किल्ला कोणी बांधला याबरोबर डोंगराखाली आज कोण राहते, मासळीवर जगते की नारळी-पोफळीवर की मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर, याची चौकशी करावी. एवढ्याने वाङ्मय होत नाही हे आम्ही जाणतो. परंतु एवढ्यावाचून जे होते ते बहुतेक पाठांतर असते.

खरे काम अर्थात कोर्लईच्या कोणा मुलाचे वा मुलीचे आहे. ते मूल मराठी शाळेत शिकते, मराठी निबंध लिहिते, घरी जाऊन नो लिंग बोलते. त्याने घरातली भाषा कागदावर आणावयाचे ठरविले तर पहिलाच प्रश्न लिपीचा पडेल, कारण ही भाषा आजवर तोंडीच चालत आली आहे. भाषाशास्त्रज्ञांनी ती रोमन अक्षरांत उतरविली. पण शाळेत त्या मुलाच्या हाताला वळण पडले ते देवनागरीचे. देवनागरीत लिहिले तर पोर्तुगीज शब्दांतील अनुनासिके कशी दाखवावीत, आखूड ‘ओ’ आणि रुंद ‘ऑ’ यांचा भेद कसा राखावा, मराठीतून आलेले शब्द मराठीप्रमाणे ऱ्हस्वदीर्घ लिहावेत की उच्चाराप्रमाणे, असे प्रश्न त्यापुढे येतील. ते सोडविण्याच्या कामी मराठी मासिकांनी आपली चार पाने त्यास मोकळी ठेवावीत, आणि त्याच्या मजकुरात किल्ल्याचा उल्लेख आला नाही तर तो घालण्यास संपादकांनी त्यास सांगू नये.